बोनेटवरचा ओघळ

गाडीला चरा पडला की तुम्ही-आम्ही आधी डोळे बारीक करून बघतो. हा माणूस बघायचाच नाही. डोळे कुठेतरी समोरच्या घराच्या टाकीवर, आणि उजव्या अंगठ्याचं नख चऱ्यावरून आडवं फिरायचं. एकदा जायचं, एकदा यायचं. मग निकाल.

"नख अडकत न्हाई. पाण्यानं जाईल."

किंवा, "नख अडकतंय. आत गेलंय."

साताऱ्यातल्या आमच्या कॉलनीत त्यांना सगळे पेंटर म्हणत. नाव कुणी विचारलं नव्हतं. श्रमाच्या प्रतिष्ठेवर पत्रकं लिहिणाऱ्या मीसुद्धा नाही. माणूस मूळचा सांगलीकडचा. तीस वर्षं वेगवेगळ्या गॅरेजांत नाकाला हातरुमाल बांधून गाड्यांवर रंग फवारला आणि त्यात छाती गेली. जिना चढताना मध्येच थांबून कठड्याशी गप्पा मारल्यासारखे उभे राहायचे. डॉक्टरांनी फवारणी बंद करायला सांगितल्यावर मोपेडला दोन बादल्या अडकवून ते घरोघरी जाऊ लागले. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. पायाशी ओला करून घासायचा वॉटर पेपर, रबिंगची पेस्ट, मेणाचा डबा आणि जुन्या बनियनांचं गाठोडं. बनियनची शिवण ते कात्रीने कापून टाकत. शिवणीनेही चरा पडतो म्हणायचे.

दसरा झाला की त्यांना उसंत नसे. तुम्हीही केलं असेल: नव्या गाडीच्या बोनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, वर हळद, वर झेंडूचा हार, आणि पुसायचं नाही म्हणून तसंच आठ दिवस उन्हात. नवव्या दिवशी पुसायला जावं तर स्वस्तिक रंगात उतरलेलं. मग पेंटर. मालकीणबाई म्हणायच्या, "देवाचंच आहे हो, पण तेवढं काढा." हे ओला कपडा स्वस्तिकावर पसरून बाजूला बसायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मालकीणबाईंची चुळबुळ सुरू व्हायची.

"घासा की आता, पेंटर."

"भिजू द्या आधी. कोरडं घासलं की देव जाईल आणि चरा ऱ्हाईल."

बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी मोबाइलवर कुठेतरी पाहून आख्ख्या दारावर टूथपेस्ट घासली होती. पेंटरांनी नख फिरवलं, वास घेतला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "सायब, दाराला चूळ भरायला लावली का?" गृहस्थ महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. दार मात्र त्यांच्याकडूनच करून घेतलं.

मला ते पत्रकवाली म्हणत. त्याचं कारण आमचं घर. बाबा प्राथमिक शिक्षक. आम्ही बौद्ध, आजोबांनी धर्म घेतला आणि बाबांनी पत्रकं. शाळा सुटली की बाबा स्टेन्सिलवर स्वतःच्या हाताने मजकूर कोरायचे, सायक्लोस्टाइलचं मशीन फिरवायचे आणि एसटी स्टँडवर वाटायचे. मी अक्षरओळख पाटीवर केली नाही, 'बंधूंनो आणि भगिनींनो' वर केली. बाबांचं अक्षर असं की मोर्चाला न येणारी माणसंही पत्रक घडी करून खिशात ठेवत. आता मीही लिहिते, संगणकावर. अक्षर बाबांसारखं नाही, आवाज मात्र त्यांच्याहून मोठा आहे असं मला वाटायचं.

पेंटरांच्या छातीची हकिगत कळल्यावर मी अर्थातच पत्रक काढलं. गॅरेजमधल्या कामगारांना मास्क, तपासणी, भरपाई. पहिली प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं, थोडं पाणी लावलं आणि समोरच्या गाडीची काच पुसली.

"कागद झ्याक हाय," ते म्हणाले. "रेघ उमटत न्हाई. उरली असतील तर ठेव मला."

मी चार दिवस धुमसत होते. पाचव्या दिवशी उरलेला गठ्ठा नेऊन दिला.

बाबांनी निवृत्तीनंतर एक जुनी निळी गाडी घेतली. आमच्या घरातली पहिली. मेढ्याच्या पलीकडे आमचं गाव आहे; तिथे चुलतभावाचं लग्न होतं. बाबांनी गाडी शाळेच्या भिंतीला लागून उभी केली. ते स्वतः त्या शाळेत शिकले, त्या भिंतीच्या बाहेर बसून. अक्षता पडल्या, जेवणं झाली, आम्ही परत आलो तेव्हा बोनेटवर एक शब्द कोरलेला होता. आजोबांना ज्या नावाने हाक मारत, ते जातीचं नाव. तो शब्द मी इथे लिहिणार नाही.

मी ओरडायला तोंड उघडलं. बाबा नळाकडे गेले. मांडवाच्या नळाखाली चिखल झाला होता. तो त्यांनी दोन्ही ओंजळींत आणला आणि बोनेटवर फासला. सारवतात तसा, हळूहळू, कडेपर्यंत. मग हात धुतले आणि मला म्हणाले, "बस गाडीत."

साताऱ्यात आल्यावर गाडीवर कव्हर चढलं. अकरा दिवस ते निघालं नाही. मी म्हणत होते, तक्रार करू, फोटो छापू, गावात सभा घेऊ. बाबा म्हणत होते, "तुझ्या चुलत्याला तिथेच राहायचंय." आयुष्यभर इतरांवरच्या अन्यायाबद्दल कोरून कोरून लिहिलेला माणूस स्वतःवर आल्यावर गप्प बसला, हे मला सहन होत नव्हतं. तसं मी त्यांना बोललेही. त्या वाक्याची मला आज लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

बाराव्या दिवशी सकाळी बाबाच पेंटरांना घेऊन आले. मी आडवी आले.

"काका, हे पुसायचं नाही. हा पुरावा आहे."

"आगं, आधी बघू तर दे."

त्यांनी कव्हर मागे सारलं. पहिल्यांदाच मी त्यांना चऱ्याकडे डोळ्यांनी पाहताना पाहिलं. बराच वेळ. मग नख फिरवलं. पहिल्या अक्षरावर थांबले, पुन्हा फिरवलं, खाली वाकून तिरप्या उन्हात बघितलं आणि बाबांकडे वळले.

"गुरुजी, हे तुमी गिरवलंय."

मला काही कळेना. मीही वाकले. शब्द तोच होता. पण गावात पाहिला तेव्हा वेडावाकडा, खरवडलेला होता, आणि आता सुबक होता. काना सरळ, वेलांटी गोल. बाबांनी टचअपच्या रंगाची बाटली आणली होती. पहाटे उठून, कव्हर अर्धं उचलून, त्या बारक्या कुंचल्याने एकेक अक्षर निळ्या रंगाने भरलं होतं. निळा मूळ रंगाशी जुळला नव्हता, किंचित उजळ होता. ज्या हाताने इतकी पत्रकं लिहिली, त्या हाताने त्यांनी तो शब्द आपल्या अक्षरात लिहून ठेवला होता.

"मला वाटलं, भरून जाईल," बाबा म्हणाले. वर्गात पकडल्या गेलेल्या मुलाचा आवाज होता तो.

पेंटर हसले नाहीत. बादली उलटी करून तिच्यावर बसले. "समद्यांस्नी तसंच वाटतंय. पण नुसती अक्षरं भरून जात न्हाईत, गुरुजी. आजूबाजूचं समदं घासून त्यांच्या बरोबरीला आणावं लागतंय, तवा जातंय."

मी खिशातून वही काढली.

"मी पत्र्याचं बोलतोय, पोरी," ते म्हणाले. "वही ठेव आत."

मग पुन्हा उठले, चऱ्याशी गेले. "खिळा हाय. किल्ली न्हवं. आणि घाईत न्हाई लिहिलेलं. घाईतला हात एका जागी लय दाबतो, एका जागी सुटतो. अक्षर वाकडं आसंल, पण ह्यो दाब सारखा हाय. निवांत लिहिलंय." थोडं थांबून, श्वास जुळवून, "लग्नाचं गाव. माणसं असतील की आजूबाजूला. बघत असतील."

लिहिणारा एक होता हे बाबांनी सोसलं होतं. बघणाऱ्यांचा विचार त्यांनी केला नव्हता, की बारा दिवस फक्त तोच केला होता, मला माहीत नाही.

"पुसता ना तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"पुसतो. माझा धंदाच त्यो हाय. बापाला न सांगता नेलेल्या गाड्या, विकायच्या आधीच्या गाड्या, आयुष्यभर लोकांचं लपवत आलो. एवढंच सांगतो, घासलं की परत येत न्हाई. उद्या वाटलं कुणाला दाखवावं, तर न्हाई दाखवता यायचं. तुमची गाडी हाय. ही पत्रकवाली काय म्हणती ते सोडा. तुमी सांगा."

बाबा आत गेले. आम्ही दोघं बाहेर. मी काहीतरी बोलणार होते, पेंटरांनी बोट वर केलं.

"भिजू दे."

चहाचे कप रिकामे झाल्यावर बाबा बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, हातात पिशवी होती.

"दाखवून येऊ," ते म्हणाले. "पण गाडी अशी रस्त्याने न्यायची नाही. मला जमणार नाही."

पुन्हा चिखल फासायचा म्हणाले तर पेंटर जवळजवळ ओरडले. "चिखलात वाळू असती! आधीच त्यानं बारीक चऱ्यांची जाळी पडलीय वर." त्यांनी मोपेडवरून मास्किंग टेप आणला. रंगकामाला निघालेल्या गाडीला कागद चिकटवतात तसा आख्ख्या बोनेटला चिकटवायचा, म्हणजे कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. कागद हवा होता. त्यांच्या गाठोड्यात माझाच गठ्ठा होता. मास्क, तपासणी, भरपाई. आमच्या माळ्यावर बाबांची जुनी पत्रकंही होती; तीही खाली आली. एकेक चिकटवत गेलो. आमच्या घरात इतकी वर्षं छापलेला मजकूर, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याचा ठोस उपयोग होताना पाहिला.

मेढ्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात पेंटरांनीच टेप सोडवला. अधिकारी बाहेर आले, त्यांनी वाचलं, कपाळाला आठ्या पडल्या. मग वाकून म्हणाले, "याच्यावर रंग आहे. हा कुणी लावला?"

हीच भीती होती. मी बोलायला लागले, मोठ्याने, कलमांसकट; अधिकाऱ्यांनी मला हाताने थांबवलं आणि बाबांनाच पुन्हा विचारलं. "गुरुजी, रंग कुणी लावला?"

"मी," बाबा म्हणाले. "अक्षर माझं आहे."

बाबांनी 'अक्षर माझं आहे' म्हटल्यावर हे सगळं प्रकरण कुठे जाऊ शकतं, हे मला एका क्षणात दिसलं. एका म्हाताऱ्या मास्तराने स्वतःच्या गाडीवर स्वतःच लिहून बोंब मारली.

"सायब," पेंटर पुढे झाले, "नख फिरवा."

"काय?"

"बघू नका. डोळं फसवत्यात. नख फिरवा आडवं. कुंचल्यानं लिहिलेलं असलं तर रंग वर येतोय, उंचवटा लागतोय. हितं नख खाली जातंय का न्हाई?"

अधिकाऱ्यांनी जरा अवघडून अंगठा टेकवला. फिरवला. अडकला. पुढचं अक्षर. अडकला. शब्द संपेपर्यंत ते फिरवत राहिले.

"रंग वरचा हाय. गुरुजींनी भरायला बघितलं. चरा आतला हाय, पत्र्यापत्तूर. खिळ्याचा."

"तुम्ही कोण?"

"पेंटर."

"तुमचा काय संबंध?"

"ह्यांचं पुसणार मी हाय. पुसायच्या आधी दाखवाय आणलंय."

पेंटरांचं पूर्ण नाव मी तिथे पहिल्यांदा ऐकलं, फोटो आणि पंचनामा झाल्यावर जबाब लिहून घेताना. सही करताना त्यांनी प्रत्येक अक्षराला वेळ घेतला. "साक्षीला बोलवाल न्हवं?" असं दोनदा विचारलं. बोलावू, असं उत्तर मिळालं. आम्ही बाहेर आलो तेव्हा बाबांनी बोनेट झाकलं नाही. टेपही संपला होता. साताऱ्यापर्यंत तसेच आलो. वाटेत एका मोटारसायकलवाल्याने वळून वाचलं. बाबांनी वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही.

मग तीन दिवस काम चाललं. पेंटर पायरीवर, बाबा बोनेटवर. फवारणी पेंटरांना वर्ज्य आणि दमही पुरत नव्हता. पण मला वाटतं, तसं नसतं तरी त्यांनी वॉटर पेपर बाबांच्याच हातात दिला असता.

"गोल न्हाई, गुरुजी. सरळ. एका दिशेनं."

"अजून दिसतंय."

"दिसू दे. हात चालू ठेवा. पाणी मारा."

निळं पाणी बोनेटवरून बंपरवर, तिथून फरशीवर येत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी शब्द गेला. कधी गेला ते नेमकं सांगता येणार नाही. एक वेलांटी बराच वेळ होती, मग तीही नव्हती. बाबा घासतच होते. पेंटरांनी उठून त्यांचा हात धरला. "झालं, गुरुजी. आता पत्रा जाईल."

तिसऱ्या दिवशी प्रायमर आणि रंग, दोन्ही बाबांनी फवारायचे. मी त्यांच्यासाठी मास्क आणला होता. पेंटर रस्त्याच्या पलीकडे, वाऱ्याच्या उलट बाजूला उभे राहिले आणि तिथून शिकवत राहिले. "हात चालता ठेवा, थांबला की ओघळतंय!" बाबांचा हात एकदा थांबला. काचेजवळ, वायपरच्या खाली, रंगाचा एक थेंब बोटभर घसरला आणि तसाच राहिला.

बाबा हिरमुसले. पेंटरांनी रस्ता ओलांडून पाहिलं. "ऱ्हाऊ द्या. ओला असताना हात लावला तर घाण हुतंय. महिनाभर वाळू दे पुरता, मग मी येऊन काढतो. तवर मेण लावू नका."

"आणि कव्हर?"

"कव्हर घालायचं न्हाई. नवा रंग झाकला की घामेजतो. उन्हात उभी करा. लोकांसमोर."

'लोकांसमोर' हा शब्द रंगाला लागू होत नाही. मी वही काढली नाही.

महिना भरायच्या आत त्यांची छाती भरली आणि मुलगी त्यांना सांगलीला घेऊन गेली. तिथून ते फोन करायचे. गाडीची चौकशी नाही, ओघळाचीही नाही.

"बोलावणं आलं का?"

"नाही काका. तपास चालू आहे म्हणतात."

"बरं. भिजू द्या."

या शब्दांचा मला तेव्हा संताप येत असे. फोन ठेवला की मी कुठे ना कुठे अर्ज लिहायला बसायचे. प्रत्येकाला एकच उत्तर येत राहिलं: तपास चालू आहे. आता अर्ज लिहिताना हात दुखतो. लिहायचं सोडलेलं नाही.

नंतर एकदा त्याच नंबरवरून फोन आला आणि मुलगी बोलत होती.

आम्ही गाडीनेच गेलो. उंब्रजला चहासाठी थांबलो तेव्हा बाबांनी सावली सोडून गाडी उन्हात लावली. सांगलीत घर शोधायला वेळ लागला नाही. कोपऱ्यावर नुसतं "पेंटर" म्हटलं तरी पुरलं. आत बसलो, पाणी प्यालो. मुलगी पस्तिशीची, दवाखान्यात नोकरी करणारी, रडून झालेली. म्हणाली, "शेवटी शेवटी अण्णा एकच घोकायचे. साताऱ्याला साक्षीला जायचंय, तवर मला काय होऊ देऊ नका. कसली साक्ष, ते सांगायचे न्हाईत. म्हणायचे, ते गुरुजींचं हाय, त्यांनी सांगितलं तर सांगतील."

निघताना ती गाडीपर्यंत आली. आणि मी पाहिलं, तिची नजर समोरच्या घराच्या गच्चीवर होती आणि अंगठा बोनेटवरून चालला होता. सरळ, कडेपासून काचेपर्यंत. वायपरखाली थांबला.

"हितं अडकतंय," ती म्हणाली. "अण्णांनी असं सोडलं?"

"माझा हात आहे तो," बाबा म्हणाले. "ते काढायला येणार होते."

"काय झालं हुतं गाडीला?"

मी श्वास घेतला. अशा वेळी बोलायचं काम आमच्या घरात माझंच होतं. बाबा माझ्या आधी बोलले.

"इथे एक शब्द लिहिला होता." आणि त्यांनी तो शब्द उच्चारला. त्या दिवसानंतर पहिल्यांदा, भर रस्त्यात, परक्या बाईसमोर. वर्गात शुद्धलेखन घालताना उच्चारायचे तसा, प्रत्येक अक्षर सुटं. "मला मारलेली हाक होती ती. तुमच्या वडिलांनी ती पाहिली, आणि पाहिली म्हणून सांगितलं."

तिचा अंगठा ओघळावरच होता. आम्ही तिघं तसेच उभे होतो आणि निघायची घाई मला झाली नाही.

बोलावणं अजून आलेलं नाही. बाबा दर रविवारी दोन बादल्या घेऊन गाडी धुतात, वरून खाली, सरळ हाताने. आता मेणही लावतात. फक्त वायपरखाली बोटभर जागा सोडतात. कॉलनीत नवीन आलेल्या एकाने परवा त्यांना सांगितलं, गुरुजी, हा ओघळ दहा मिनिटांत निघेल, माझ्याकडे मशीन आहे.

बाबा समोरच्या टाकीकडे बघत होते. नख एकदा गेलं, एकदा आलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "त्याचा माणूस ठरलाय."